‘७० टक्के सक्सेस’ बघून भाट गहाण ठेवायचं का?

आयव्हीएफच्या एका जाहिरातीबद्दल एका बाईचं पत्र आलंय, ते जरा लहान करून देते, ओळख पटेल असं सगळं काढून.

“ताई, मी ३७ वर्षांची, फोंडा तालुक्यात राहते. पणजीच्या एका क्लिनिकमध्ये आमच्या दोन आयव्हीएफ सायकल (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराच्या फेऱ्या) झाल्या. पहिल्यात सहा एग्ज (स्त्रीबीजं) मिळाली, एक ट्रान्सफर (एम्ब्रियो, म्हणजे तयार झालेला गर्भ, गर्भाशयात सोडणं) झाला, बीटा (गर्भ राहिला का त्याची रक्ताची टेस्ट) निगेटिव्ह. दुसऱ्यात बीटा पॉझिटिव्ह आला, घरात सगळ्यांना सांगून झालं आणि सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके नव्हते. त्या वेळचा एक एम्ब्रियो अजून फ्रीझ करून ठेवलेला आहे. आता मिस्टरांना मुंबईच्या एका क्लिनिकची जाहिरात सापडलीय, ७० टक्के सक्सेस, पॅकेजमध्ये एम्ब्रियोचं जेनेटिक टेस्टिंग पण आहे, ऑफर चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत). आमच्या डॉक्टरांनी ४० टक्के सांगितलेलं. मिस्टर वेर्ण्याला कंपनीत आहेत, ते म्हणतात ७० म्हणजे जवळजवळ होणारच, भाट (आमची बागायतीची जमीन) गहाण ठेवून लोन काढूया. नणंद म्हणते तिसऱ्या वेळी होतंच, चान्स वाढत जातो. इथले डॉक्टर म्हणतात पुढच्या वेळी आधी गर्भाशयाच्या अस्तराचं स्क्रॅचिंग करून बघू. सासूबाईंनी देवळात कौल लावला, तो उजवा आला, म्हणजे देवाचा होकार. सगळे आपापलं सांगतात, मला कोणाचं ऐकू कळत नाही. तुम्ही आकड्यांतल्या, तुम्ही सांगा.”

प्रिय बाय,

सातव्या आठवड्याचं तू एका वाक्यात लिहून पुढे गेलीस, पण मी ते वाक्य परत परत वाचलं. आधी तेवढं म्हणते की जे झालं ते खूप वाईट झालं आणि त्यात तुझ्या चालण्या-उठण्याचा, स्कूटरवर बसण्याचा, चुकून खाल्लेल्या पपईचा काही दोष नाही. इतक्या लवकर गर्भ थांबतो तेव्हा बहुतेक वेळा कारण गर्भाच्या क्रोमोझोम्समध्येच असतं. कोण काही बोललं असेल तर ते सोडून दे.

मी डॉक्टर नव्हे. मी संख्याशास्त्र शिकवलं आणि मेडिकलच्या डेटावर काम केलं, त्यामुळे कुठलं इंजेक्शन घ्यायचं ते मला विचारू नकोस, ते डॉक्टरांना विचार. पण ७० आणि ४० या दोन आकड्यांचं जे चाललंय ते मात्र माझ्या कामातलं आहे आणि त्याबद्दल मी तुला स्पष्ट सांगणार आहे, कारण एका आकड्याच्या जिवावर तुम्ही जमीन गहाण ठेवायला निघालाय.

पहिली गोष्ट, आणि ही वाचून तुला त्रास होईल पण माहीत असायला हवी. तुझी जी दुसरी सायकल झाली, ज्यात बीटा पॉझिटिव्ह आला, ती बऱ्याच जाहिरातींमध्ये ‘सक्सेस’ म्हणून मोजली जाते. टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे यश असं काही जण धरतात, काही जण सोनोग्राफीत ठोके दिसले की धरतात, आणि काही जण, जे खरे प्रामाणिक, ते फक्त जिवंत बाळ जन्माला आलं की धरतात. तुझ्यासारख्या बाईला यातलं शेवटचंच हवं असतं ना? मग आकडा पण त्याचाच हवा. टक्का लिहिलेला दिसला की वरचा आकडा कशाचा आणि खालचा कशाचा, एवढे दोन प्रश्न विचारायचे, बाकीचं पुष्कळसं त्यातूनच बाहेर येतं.

वरचा झाला, आता खालचा, म्हणजे कितीजणींतून. समजा एका क्लिनिकमध्ये १०० बायकांनी एग्ज वाढवायची इंजेक्शनं सुरू केली. हे आकडे मी समजावण्यासाठी धरतेय, कुठल्या क्लिनिकचे नव्हेत. काहींच्या एग्ज वाढल्याच नाहीत, सायकल कॅन्सल झाली, ९० जणी एग पिकअपपर्यंत, म्हणजे एग्ज बाहेर काढण्यापर्यंत, पोचल्या. काहींचे एम्ब्रियो तयार झाले नाहीत किंवा पाचव्या दिवसापर्यंत टिकले नाहीत, ट्रान्सफर ७० जणींचा झाला. ३५ जणींचा बीटा पॉझिटिव्ह, २८ जणींना ठोके दिसले आणि २४ जणींच्या मांडीवर बाळ आलं. आता हेच क्लिनिक ब्रोशरवर ५० टक्के छापू शकतं, ७० ट्रान्सफरमध्ये ३५ पॉझिटिव्ह, आणि त्यात एक अक्षर खोटं नसेल. आणि २४ टक्के पण छापू शकतं. दोन्ही त्याच बायका, तेच डॉक्टर, तीच लॅब. हे म्हणजे कदंबच्या, आपल्या गोव्याच्या सरकारी, बसमध्ये फोंड्याला किती चढले ते सांगायचं नाही आणि जुन्या गोव्याला जे बसमध्ये होते त्यांतले किती पणजीला पोचले ते अभिमानाने सांगायचं. तू तर फोंड्याला चढणार आहेस. तुझा पैसा, तुझं शरीर, तुझी सुट्टी सगळं पहिल्या इंजेक्शनपासून सुरू होतं, म्हणून तुझ्यासाठी खालचा आकडा ‘सुरू केलेल्या सगळ्या’ हाच.

आता मुंबईच्या ७० टक्क्यांकडे येऊ. त्यांच्या पॅकेजमध्ये जेनेटिक टेस्टिंग आहे असं तू लिहिलंस तेव्हाच मला अंदाज आला की हे ७० कुठून येत असणार. क्रोमोझोम्स तपासून जे एम्ब्रियो नॉर्मल निघतात तेवढेच ट्रान्सफर करायचे, मग दर ट्रान्सफरमागे टक्का वाढणारच, कारण ज्या बायकांचा एकही एम्ब्रियो नॉर्मल निघाला नाही त्यांचा ट्रान्सफर होतच नाही आणि त्या हिशोबातूनच निघून जातात! वय वाढतं तसं नॉर्मल एम्ब्रियोंचं प्रमाण कमी होत जातं हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तुला एका वेळी सहाच एग्ज मिळाली होती, म्हणजे सहामधून फर्टिलाइज किती, त्यातून पाच दिवस टिकणारे किती, आणि त्यातून नॉर्मल किती, शेवटी हातात शून्य राहण्याची शक्यता तुझ्या बाबतीत खरीखुरी आहे. तसं झालं तर पॅकेजचे पैसे जातात आणि तू त्यांच्या ७० टक्क्यांत कुठेच दिसत नाहीस, नापास म्हणून सुद्धा नाही.

या टेस्टिंगचं सरळ मोजमाप करणारा एक मोठा अभ्यास चीनमध्ये झाला, २०२१ मध्ये छापून आला. १,२१२ बायका, वय २० ते ३७, सगळ्यांकडे तीन किंवा जास्त चांगले ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच-सहा दिवस वाढलेले एम्ब्रियो. चिठ्ठ्या टाकल्यासारखं अर्ध्यांचं टेस्टिंग केलं, अर्ध्यांचं नेहमीसारखं एम्ब्रियो बघून निवडलं. आणि मुख्य म्हणजे मोजताना ट्रान्सफरमागे नाही मोजलं, गटात घातलेल्या प्रत्येक बाईमागे मोजलं, तीन ट्रान्सफरपर्यंत. बाळ झालं टेस्टिंगवाल्यांत ७७.२ टक्के, बिनटेस्टिंगवाल्यांत ८१.८ टक्के. म्हणजे टेस्टिंगने बाळांची संख्या वाढली नाही. हां, गर्भपात मात्र टेस्टिंगवाल्यांत थोडे कमी झाले आणि तुझ्यावर जे गुदरलंय ते बघता हा फायदा तुझ्यासाठी छोटा नाही, तो मी लपवणार नाही. पण तो फायदा ‘पुन्हा तसं दुःख येण्याची शक्यता थोडी कमी’ असा आहे, ‘बाळ होण्याची शक्यता ४० वरून ७०’ असा नव्हे. आणि हे ७७-८२ बघून हुरळून पण जाऊ नकोस, त्या सगळ्या तरुण आणि भरपूर एम्ब्रियोवाल्या बायका होत्या.

तिसरी भानगड वयाची. समजा एका क्लिनिकमध्ये १०० पैकी ८० बायका तिशीच्या आतबाहेर आणि २० चाळिशीच्या पुढच्या. तरुणींना ४० टक्के यश, म्हणजे ३२, चाळिशीवाल्यांना १० टक्के, म्हणजे २. एकूण ३४ टक्के. दुसऱ्या क्लिनिकमध्ये उलटं, २० तरुण आणि ८० चाळिशीच्या पुढच्या, कारण सगळीकडून थकलेल्या बायका तिथे जातात. तिथे तरुणींना ४५ टक्के म्हणजे ९, चाळिशीवाल्यांना साडेबारा टक्के म्हणजे १०. एकूण १९ टक्के. बघ, दुसरं क्लिनिक दोन्ही वयांत चांगलं आणि तरी जाहिरातीत ३४ समोर १९ असं बिचारं दिसतं. म्हणून वयाशिवाय सांगितलेला टक्का मी तरी ऐकूनच घेत नाही. तुझ्या वयाच्या, म्हणजे ३५ ते ३७ किंवा फार तर ३५ ते ३९ या गटाचा, स्वतःच्याच एग्जचा आकडा माग. डोनर एगच्या, म्हणजे दुसऱ्या बाईचं बीज घेतलेल्या, सायकल त्यात मिसळलेल्या नकोत, कारण तिथे वय डोनरचं मोजायचं असतं, आणि आपल्या २०२१ च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या) कायद्याप्रमाणे एग डोनर २३ ते ३५ वयाचीच लागते, साहजिकच तो टक्का वर असतो.

आणि किती बायकांवरून काढला ते पण विचार. दहातल्या सातजणींना बाळ झालं तरी ७० टक्के आणि शंभरातल्या सत्तरजणींना झालं तरी ७० टक्के, पण दहावरून काढलेल्या ७० मागचं खरं प्रमाण ३५ पासून ९३ पर्यंत कुठेही असू शकतं, शंभरवरून काढलेल्या ७० मागचं साधारण ६० ते ७९ मध्ये. छोट्या क्लिनिकचा एका वर्षाचा आकडा नशिबाने वर जातो, पुढच्या वर्षी नशिबाने खाली येतो, जाहिरात मात्र चांगल्या वर्षाचीच होते.

आता तुझ्या मिस्टरांचं. ७० म्हणजे होणारच, असं ते म्हणतात. त्यांना सांग की कंपनीत एखादी मशीन दहात तीन वेळा बंद पडली असती तर त्यांनी तिला भरवशाची म्हटलं असतं का? हे मी ७० खरे धरून बोलतेय, आणि ते खरे तुझ्यासाठी नाहीतच हे वर लिहिलंच.

नणंदेचं म्हणणं जास्त गोड आहे, तिसऱ्या वेळी होतंच. तिचं मन चांगलं आहे, तुला धीर द्यायला बोलते, पण चान्स वाढत जातो हे खरं नाही. असं बघ, १०० बायका, त्यातल्या ५० जणींना दर सायकलला ४० टक्के शक्यता आणि ५० जणींना १० टक्के, आणि कोण कुठल्या गटात ते कोणालाच माहीत नाही. पहिल्या सायकलला २० अधिक ५, म्हणजे २५ जणींना बाळ, २५ टक्के. ज्यांची शक्यता चांगली होती त्या जास्त प्रमाणात बाळ घेऊन घरी गेल्या, मागे उरलेल्या ७५ मध्ये कमी शक्यतावाल्या जास्त. दुसऱ्यांदा त्या ७५ पैकी १६-१७ जणींना होतं, २२ टक्के. तिसऱ्यांदा उरलेल्या ५८-५९ पैकी ११ जणींना, १९ टक्के. एकाही बाईची स्वतःची शक्यता बदललेली नाही, तरी टक्का खाली खाली येतो, नुसत्या गाळणीमुळे. मग नणंदेला उलटं का वाटतं? कारण तिसऱ्या वेळी झालेल्यांची गोष्ट बारशाला सगळ्या गावाला कळते आणि तिसऱ्या वेळी न झालेल्यांची गोष्ट कोणी कोणाला सांगत नाही. तू तरी कुठे सांगितलीस?

पण म्हणून तिसरी सायकल वाया असं मी मुळीच म्हणत नाही, इथे नीट ऐक. टक्का थोडा उतरतो, शून्य होत नाही. ब्रिटनमध्ये प्रत्येक सायकलची नोंद सरकारी संस्थेकडे करावीच लागते, तिथे १९९१ पासून ही व्यवस्था आहे, आणि त्या नोंदींवरून २०१५ मध्ये एक मोठा अभ्यास आला, दीड लाखाहून जास्त बायका, अडीच लाखाहून जास्त सायकल. त्यांनी मोजायची पद्धत फार चांगली धरली, एकदा इंजेक्शनं सुरू केली की त्यातून झालेला ताजा ट्रान्सफर आणि नंतरचे फ्रोझन ट्रान्सफर सगळे मिळून एक सायकल, आणि यश म्हणजे जिवंत बाळ. चाळिशीच्या आतल्या बायकांना पहिल्या सायकलला ३२.३ टक्के, आणि चौथ्या सायकलपर्यंत प्रत्येक वेळी २० टक्क्यांच्या वरच राहिलं. ४० ते ४२ वाल्यांना पहिल्या सायकलला १२.३ टक्के. बघ किती फरक आहे, आणि वयाचा आकडा वेगळा मागायला मी का सांगतेय ते इथेच कळेल.

एक गोष्ट मात्र अशा सगळ्या ‘सहा सायकलमध्ये इतके टक्के’ वाल्या आकड्यांत दडलेली असते, आणि मला वाटतं या विषयातली सगळ्यात महत्त्वाची हीच. मधेच सोडून जाणाऱ्या बायका. पैसे संपले, नवऱ्याची बदली झाली, मन थकलं, डॉक्टरांनीच सांगितलं की आता पुरे. त्यांचं पुढे काय झालं असतं ते कोणालाच ठाऊक नाही, मग त्यांना मोजायचं कसं? आमच्या संख्याशास्त्रात १९५८ पासून वापरात असलेली कॅपलान-मायर म्हणून पद्धत आहे, ती धरून चालते की सोडून गेलेल्यांची शक्यता राहिलेल्यांइतकीच होती. हे कॅन्सरच्या अभ्यासात कोणी घर बदललं म्हणून यायचं थांबलं तर ठीक असतं, पण इथे बऱ्याच जणी सोडतात त्याच मुळी आशा कमी दिसली म्हणून. दुसरं टोक म्हणजे सोडून गेलेल्या कोणालाच बाळ झालं नसतं असं धरायचं. अमेरिकेत बॉस्टनच्या एका मोठ्या सेंटरच्या ६,१६४ बायकांवर २००९ मध्ये अभ्यास आला, त्यात त्यांनी प्रामाणिकपणे दोन्ही हिशोब मांडले. सहा सायकलनंतर पहिल्या पद्धतीने ७२ टक्के, दुसऱ्या पद्धतीने ५१ टक्के. चाळिशीच्या पुढे ४२ आणि २३. तीच माणसं, तोच डेटा, आणि सोडून गेलेल्यांबद्दल काय समजायचं एवढ्यावरून २१ टक्क्यांचा फरक. खरं कुठेतरी मध्ये असणार. जाहिरातीत यातला कुठला आकडा टाकतात ते तुला सांगायला नकोच.

स्क्रॅचिंगबद्दल विचारलंस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला बारीक नळीने खरवडायचं, की मग एम्ब्रियो चांगला चिकटतो, अशी कल्पना. २००३ मध्ये इस्रायलमधून १३४ बायकांचा एक छोटा अभ्यास आला, त्यात यश जवळजवळ दुप्पट झालेलं दिसलं आणि मग जगभर सगळीकडे हे सुरू झालं. २०१९ मध्ये मात्र १,३६४ बायकांचा मोठा अभ्यास झाला, पाच देशांतल्या, पुन्हा तसंच चिठ्ठ्या टाकल्यासारखं गट पाडून. बाळ झालं स्क्रॅचिंगवाल्यांत २६.१ टक्के आणि न केलेल्यांत २६.१ टक्के. दशांशापर्यंत सारखं. नंतर बऱ्याच ट्रायल्सचा डेटा एकत्र करून बघितल्यावर थोडासा फायदा असू शकेल असंही काही संशोधकांनी म्हटलं, म्हणजे वाद पूर्ण मिटलेला नाही, पण दुप्पट-बिप्पट काही नाही हे नक्की. दुखतं बऱ्यापैकी, पैसे लागतात. माझं मत विचारशील तर मी त्यावर पैसे घालणार नाही, पण डॉक्टरांशी भांडण्याइतका हा मुद्दा मोठा नाही, सरळ विचार की माझ्यासारखीला याने नेमका किती फरक पडेल आणि ते कुठल्या अभ्यासावरून सांगता.

स्क्रॅचिंगसारख्या गोष्टी इतक्या पसरतात त्याला अजून एक कारण आहे. ज्यांचं पहिल्यांदा झालं नाही त्यांतल्या चार-पाचांतल्या एकीचं पुढच्या वेळी आपोआप होणारच असतं. त्या वेळी जे नवीन केलेलं असतं, स्क्रॅचिंग, सलाईन, कुठल्या तरी वैद्याचा काढा, श्रेय त्यालाच जातं. म्हणून तर न केलेल्यांचा गट बाजूला ठेवून मोजावं लागतं, दुसरा उपाय नाही.

आता मुख्य, काय करायचं. तुझ्या पत्रात सगळ्यांच्या मतांच्या गर्दीत एक ओळ अशी होती की त्यावर कोणी बोलतच नाही, एक एम्ब्रियो फ्रीझ आहे. बाय, मग तुझी दुसरी सायकल अजून संपलेलीच नाही! ब्रिटनवाल्यांच्या हिशोबाने तो एम्ब्रियो दुसऱ्या सायकलचाच भाग. त्याला पुन्हा इंजेक्शनं नाहीत, एग पिकअप नाही, खर्च नव्या सायकलपेक्षा बराच कमी, आणि ज्या वेळी तो तयार झाला त्या वेळचं तुझं वय त्याला लागू, आजचं नाही. मुंबईला जाऊन सगळं पहिल्यापासून सुरू करण्याआधी पणजीच्या डॉक्टरांना विचार की त्या एम्ब्रियोचं ग्रेडिंग (दर्जा) काय आहे, कुठल्या दिवशी फ्रीझ केला, आणि तो आधी ट्रान्सफर न करण्याचं काही कारण आहे का. कारण असेल तर ते सांगतील, पण नसेल तर तुझी पुढची पायरी तीच. आणि एकदा गर्भ राहिला होता ही गोष्ट, कितीही दुःखात संपली तरी, पुढच्या अंदाजात तुझ्या बाजूने धरतात.

त्याने नाही झालं तर मग नवीन सायकलचा विचार. तेव्हा दोन्ही क्लिनिकना एकच प्रश्न लिहून पाठव, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव म्हणजे उत्तर पण लिहून येईल. साधारण असा: गेल्या दोन वर्षांत ३५ ते ३७ वयाच्या, स्वतःची एग्ज वापरणाऱ्या किती बायकांनी तुमच्याकडे स्टिम्युलेशन (एग्ज वाढवायची इंजेक्शनं) सुरू केलं आणि त्यातल्या किती जणींना जिवंत बाळ झालं, त्याच पिकअपचे फ्रोझन ट्रान्सफर धरून. टक्के नको म्हणून सांग, दोन आकडे दे म्हणावं, टक्के आम्ही काढतो. त्यात जुळ्यांची बाळंतपणं किती ते पण विचार, कारण दोन-तीन एम्ब्रियो एकदम घालून टक्का चढवता येतो आणि मग अपुऱ्या दिवसांची बाळं एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. हे विचारायला लाजू नकोस. आपल्या २०२१ च्या एआरटी कायद्यातच लिहिलंय की क्लिनिकने जोडप्याला यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च, धोके आणि जुळ्या-तिळ्यांचा धोका हे सगळं समजावून सांगायचं. आपल्याकडे ब्रिटनसारखं प्रत्येक क्लिनिकचं तपासलेलं रेकॉर्ड सामान्य माणसाला उघडून बघता येत नाही, हे मला फार खटकतं, नोंदी जमा होतात तर त्या आम्हाला का दिसू नयेत? ते होईपर्यंत विचारणं एवढंच आपल्या हातात. जे क्लिनिक हे दोन आकडे शांतपणे देईल, कमी असले तरी, त्याच्यावर माझा विश्वास ७० वाल्यापेक्षा जास्त बसेल. जे म्हणेल ‘मॅडम, आकड्यांत कशाला जाता, पॉझिटिव्ह राहा’, तिथून उठ.

आणि बांबोळीला जाऊन ये. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, २०२३ पासून आयव्हीएफ मोफत सुरू झालंय. तिथे किती थांबावं लागतं ते ओपीडीत जाऊन आधी विचार, कारण तुझ्या वयात वर्षभर वाट बघणं परवडणारं नाही. पण गहाण न ठेवता एक पूर्ण सायकल मिळत असेल तर ते न बघताच मुंबईचं तिकीट काढणं मला पटत नाही. दोन्ही सायकलची पूर्ण फाईल क्लिनिककडून मागून घे, औषधांचे डोस, एग्ज, फर्टिलायझेशन, एम्ब्रियोलॉजीचा कागद सगळं, ते तुझं आहे.

भाटाचं. तो निर्णय तुमचा दोघांचा आणि मी बाहेरची आहे, पण मिस्टरांनी हिशोब मांडला तसाच मी पण मांडते. ३७ वय, एग्ज कमी, दोन झालेल्या, एकदा गर्भ राहिलेला. नव्या एका सायकलला, कुठेही कर, मी मनात साधारण पाचात एक एवढं धरलं असतं, तुझी फाईल बघून डॉक्टर थोडं वर-खाली सांगतील. म्हणजे पाचातल्या चार वेळा बाळ नाही आणि लोनचे हप्ते आहेत. ते हप्ते पगारातून जातील का, भाट न जाता, दोघांत कडवटपणा न येता? जातील असं दोघांना शांतपणे वाटत असेल तर तिसरी सायकल करण्यात काहीच वेडेपणा नाही, पाचात एक ही शक्यता खूप बायकांनी घेतलीय आणि त्यांची मुलं आज शाळेत जातात. नाही वाटत असेल तर थांबणं, किंवा दत्तकाची नोंदणी करून ठेवणं, यात हार वगैरे काही नाही. फक्त ‘७० टक्के आहे, होणारच’ असं समजून सही करू नका.

सासूबाईंनी कौल लावला ते राहू दे, त्यांच्या जिवाची पण तगमग आहे, त्यांच्याशी यावरून वाद घालू नकोस. मिस्टरांना हे पत्र वाचायला दे, वेर्ण्याच्या कंपनीतला माणूस आहे, वरचा आकडा-खालचा आकडा त्यांना लगेच कळेल.

चवथीपर्यंतची ऑफर जाऊ दे. आधी त्या फ्रीझ केलेल्या एम्ब्रियोची अपॉइंटमेंट घे, आणि दोन्ही क्लिनिककडून जे आकडे येतील ते मला पाठव, वय आणि किती बायका ते लिहायला विसरू नकोस, मी बसून बघते.

तुझी ताई